पिसांची ऊब ओलाव्यापासून जपा

हिमाचल प्रदेशातील हमटा खिंडीकडे पावसाळ्यात निघालेल्या पदभ्रमण पथकांना कुलूच्या बाजूस पाऊस आणि खिंडीजवळ कडाक्याची थंडी गाठते. अशा वेळी पाणपक्ष्यांच्या मऊ पिसांची, म्हणजेच ‘डाऊन’ स्लीपिंग बॅग कोरडी राहणे अत्यावश्यक असते. ऊब टिकते ती पिसांत अडकलेल्या हवेमुळे. पिसे भिजताच त्यांचे गोळे होतात, हवेला जागा उरत नाही आणि रात्री शरीराचे तापमान धोकादायकरीत्या घसरू शकते. सॅकवरील रेनकव्हर पुरेसे नसते; पाठीकडून पाणी झिरपते. त्यामुळे बॅग जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधूनच सॅकमध्ये ठेवावी. श्वासातील बाष्पही घातक ठरते. तोंड बॅगेबाहेर ठेवून, कोरड्या कपड्यांतच झोपावे. ऊन पडताच बॅग पसरून वाळवावी.