परसांतील चूल : पेलेट कीं सिरॅमिक?

अमेरिकेंत मुलाकडे किंवा लेकीकडे चार-सहा महिने राहून आलेल्या आमच्या वाचक-भगिनींस एक अनुभव बहुधा सारखाच आला असेल. स्वयंपाकघर प्रशस्त, भांडींकुंडीं भरपूर, नळास ऊन पाणी. परंतु वांगें भाजावयाचें म्हटलें कीं सारें अडतें. पुष्कळ घरांतून शेगडी विजेची असते. वर काचेचा गुळगुळीत पृष्ठभाग आणि त्याखालीं तांबडी होणारी तार. तिच्यावर वांगें ठेवावें तर तें धड भाजत नाहीं, काच मात्र डागाळते. आणि सालीचा थोडा धूर झाला न झाला तोंच छताला लावलेली धुराची घंटा किंचाळूं लागते व घरांतील मंडळी हातीं येईल तो पंचा घेऊन वारा घालावयास धांवतात. ओव्हनमध्यें वांगें शिजतें, हें खरें. पण शिजलेल्या आणि भाजलेल्या वांग्यांतला भेद ज्यांस सांगावा लागेल त्यांच्यासाठीं हा लेख नव्हेच.

ज्यांच्या घरास परसूं आहे त्यांस यावर उपाय आहे. तिकडे उन्हाळ्यांत परसांत विस्तव पेटवून चार माणसांस जेवावयास बोलावणें हा जवळजवळ लोकाचारच आहे. गॅसची शेगडी आणि पत्र्याची साधी कोळशाची शेगडी हे दोन जुने प्रकार येथें आम्ही सोडून देतों. सुखवस्तु गृहस्थाचें मन सध्यां ज्या दोहोंमध्यें घोटाळतें, ते प्रकार म्हणजे पेलेट स्मोकर आणि सिरॅमिक ग्रिल. आकार व बनावट यांप्रमाणें त्यांच्या किंमती सुमारें ५०० डॉलरांपासून २,००० डॉलरांच्याही वर जातात. तेव्हां एक घेऊन पाहूं, न जमल्यास दुसरा घेऊं, असें म्हणण्याजोगा हा विषय नाहीं.

न्यू जर्सींतील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत हाच प्रश्न उपस्थित झाला होता. पतिपत्नी दोघेंही नोकरी करणारीं, दोन मुलें, आणि उन्हाळ्यापुरत्या पुण्याहून येणाऱ्या सासूबाई. गृहस्थांचें मत पेलेटकडे, पत्नीचें सिरॅमिककडे. आम्हीं दोन्ही प्रकार पेटलेले पाहिले होते व त्यांवरचें खाल्लेंही होतें, म्हणून आमचा अभिप्राय विचारण्यांत आला. तो देण्यापूर्वीं दोहोंची घडण समजून घेणें अवश्य वाटलें.

पेलेट म्हणजे लाकडाच्या भुशाच्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या आखूड कांड्या. भुसा मोठ्या दाबाखालीं साच्यांतून काढला म्हणजे लाकडांतील लिग्निन नांवाचें द्रव्य उष्णतेनें मऊ होऊन तोच त्याचा डिंक बनतो. १९७० नंतरच्या दशकांत तेल महागलें तेव्हां घरें ऊबदार राखण्यासाठीं हें जळण पुढें आलें. ओरेगॉन राज्यांतील माउंट एंजल गांवच्या जो ट्रेगर यांनीं त्यावर अन्न शिजविण्याची युक्ति काढली. १९८६ सालीं त्यांस पेटंट मिळालें, आणि वीस वर्षांनीं त्याची मुदत संपल्यावर अनेक कारखानदार या धंद्यांत उतरले. यंत्राच्या बाजूस एक पेटी असते, तींत पेलेट भरावयाचे. विजेवर फिरणारें एक मळसूत्र ते थोडेथोडे आंतल्या अग्निपात्रांत ढकलतें, तापलेली सळई ते पेटविते, पंखा वारा घालतो, आणि उष्णतामापक पाहून नियंत्रक मळसूत्राची गति कमीजास्त करतो. माणसानें आंकडा लावावा आणि घरांत निघून जावें. गृहस्थांस मोह पडला तो याचाच, आणि तो आम्हांस हास्यास्पद वाटत नाहीं. दिवसभर काम करून आलेल्या मनुष्यास विस्तवाशीं झटापट नको असते.

पण हें यंत्र कशासाठीं जन्मास आलें हें पाहिलें पाहिजे. अमेरिकेच्या दक्षिण भागांत, विशेषतः टेक्ससमध्यें, गाईच्या छातीचें चिवट मांस धुरावर रात्रभर शिजविण्याची जुनी चाल आहे. आमच्या वाचकांस तो पदार्थ वर्ज्य असला तरी त्यामागील तत्त्व जाणून घेण्यास हरकत नसावी, कारण यंत्राची परीक्षा त्यावरूनच होते. त्या मांसांतील चिवट तंतु विरघळण्यास सुमारें ११० अंश सेंटिग्रेडची मंद आंच दहा-बारा तास लागते, आणि तितका वेळ आंच एकसारखी राखणें माणसास जिवावर येतें. पेलेट-यंत्रानें तें जागरण वांचविलें. आतां वांग्याचा विचार करा. त्यांत विरघळावयाचें असें चिवट कांहीं नाहीं. मंद आंचेवर तें आपलेंच पाणी टाकून सुरकुततें आणि साल चामड्यासारखी होते. त्याला हवी धग, अशी कीं साल करपून तडकावी आणि आंतला गर आपल्याच वाफेंत लोण्यासारखा व्हावा. तीच गोष्ट कणसांची. पेलेट-यंत्राची मजल साधारणपणें २३० ते २६० अंशांपर्यंत. तीही बहुतेकांत फिरत्या गरम हवेची, निखाऱ्याच्या प्रत्यक्ष धगीची नव्हे. शिवाय गंमत अशी कीं, आंच वाढवावी तसे पेलेट स्वच्छ जळतात आणि धूर कमी होतो. म्हणजे ज्या वेळीं भाजावयाचें त्याच वेळीं धुराचा वास हातचा जातो. हल्लीं कांहीं यंत्रांत अग्निपात्रावरचें झांकण सरकवून ज्वाळा उघडी करण्याची सोय केलेली असते, तिनें हा दोष थोडा उणावतो. पनीर, टोमॅटो, बदाम यांस मंद धुरी द्यावयाची असेल तर मात्र या यंत्रासारखें दुसरें सोयीचें साधन नाहीं, हें न्यायानें सांगितलें पाहिजे.

आणखी एक. पेलेटास पाण्याचें वावडें. पेटींत ओल शिरली कीं कांड्या फुगून पुन्हां भुसा होतो व मळसूत्र जाम बसतें. आमच्या ओळखीच्या एका घरीं पाहुणे पानांवर बसल्यावर हा प्रकार झाला, आणि यजमान हातांत पान्हा घेऊन अर्धा तास यंत्रापाशीं पालथे पडले होते. वीज गेली तरी हीच गत.

सिरॅमिक ग्रिलचें कुळ याहून फार जुनें. त्याचें दुसरें नांव कामाडो. आणि जपानी भाषेंत त्या शब्दाचा अर्थच चूल. भात शिजविण्याची मातीची घुमटाकार भट्टी जपानांत होती, ती दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनीं हौसेनें घरीं नेली. १९७४ सालीं एड फिशर यांनीं अटलांटा शहरांत अशा भट्ट्यांचें दुकान थाटलें. पुढें मातीच्या जागीं टिकाऊ सिरॅमिक आलें, आणि त्यांचें हिरवें अंडें जगभर प्रसिद्ध झालें. रचना इतकी साधी कीं आपल्या तंदूराची आठवण व्हावी. जाड भिंतीचें अंड्यासारखें पात्र, तळाशीं लोणारी कोळसा, खालीं एक झडप व माथ्यावर एक. झडपा उघडल्या कीं वारा खेळून विस्तव फुलतो, मिटल्या कीं मंदावतो. जाड भिंत उष्णता धरून ठेवते, म्हणून मूठभर कोळशावर शंभर-सव्वाशें अंशांची आंच तासन्‌तास टिकते, आणि झडपा मोकळ्या सोडल्या तर साडेतीनशें अंशही गांठते. निखाऱ्यावर वांगें ठेवावें, कणीस ठेवावें. मध्यें जाड तबक घालून धग आडवावी कीं विदर्भांतले रोडगे किंवा बाटी भाजण्याजोगी भट्टी झाली. कोंकणांतील पोपटीचें मडकेंही आंत सुखानें बसतें. भांबुर्डा मात्र तिकडे मिळावयाचा नाहीं.

दोष आहेत, ते झांकून ठेवीत नाहीं. हिचा आकार जरा मोठा घेतला कीं वजन ७० किलोच्या आसपास जातें, आणि आपटली कीं तडकली. आंच चढविणें सोपें, पण एकदां चढली कीं भिंती तापून बसतात व तासभर उतरत नाहीं. म्हणून हव्या त्या अंकाच्या अलीकडेच झडप आंवळावी लागते. सर्वांत मोठा धोका झांकणाचा. झडपा मिटून कोंडलेल्या विस्तवास एकदम वारा मिळाला तर ज्वाळेचा लोळ बाहेर येतो. वर सांगितलेल्या गृहस्थांच्या उजव्या भुंवईचे केस पहिल्याच आठवड्यांत यामुळें गेले. झांकण प्रथम दोन बोटें उचलावें, क्षणभर थांबावें, मग उघडावें. पेटवितांना रॉकेलासारखे द्रव पदार्थ वापरूं नयेत, कारण त्यांचा वास भिंतींत मुरतो. आणि कोळशाचा वायु प्राणघातक असल्यानें पाऊस आला म्हणून कोणतीही चूल गॅरेजमध्यें ओढूं नये. ज्यांचें बिऱ्हाड इमारतींत आहे त्यांनीं लांकडी सज्जांत विस्तव पेटविण्यास नगरपालिकेची परवानगी आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें; पुष्कळ ठिकाणीं ती नसते.

आतां एका नाजुक गोष्टीकडे वळतों. या घरांतील मुलगा मित्रांबरोबर कोंबडी खातो. सासूबाईंस तिचा वासही चालत नाहीं. अशीं घरें आज थोडीं नाहींत, आणि तेथें चूल निवडणें म्हणजे आजी परसांतल्या पंक्तीस बसणार कीं घरांत वेगळा वरणभात लावणार हें ठरविणें होय. पेलेट-यंत्रांत चरबी आडव्या पत्र्यावर ठिबकून राहते व पुढच्या खेपेस तिचाच धूर होतो. पत्रा खरवडल्यावांचून वांग्यास तो वास लागतोच. सिरॅमिकमध्यें निखारे फुलवून आंच वर नेली कीं आंतलें सारें जळून राख होतें, आणि जाळी दुसरी ठेवतां येते. आम्हीं आपला कौल सिरॅमिककडे दिला तो मुख्यतः याच कारणासाठीं.

गृहस्थांनीं एकच प्रश्न केला, आणि तो बिनतोड होता. "आई परत गेल्यावर या चुलीपाशीं बसणार कोण?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

तरी सिरॅमिकच आली. गृहस्थ माहितीपुस्तक उघडून झडपांचे कोष्टक पाहत बसले असतां सासूबाई खुर्ची ओढून जवळ आल्या व म्हणाल्या, "अरे, खालचें तोंड दाबलें कीं विस्तव मऊ होतो, एवढेंच ना? मग त्यासाठीं पुस्तक कशाला?" त्या दिवसापासून झडपांचा कारभार त्यांच्या हातीं गेला. पांढरी खूण केलेली जाळी त्यांची, काळी नातवाची; आणि आधीं पांढरी चढते, मग काळी, असा क्रम त्यांनींच लावून दिला. आक्टोबरांत त्या पुण्यास परतल्या. चूल आतां महिन्यांतून दोन रविवारीं पेटते, एरवीं झांकलेली असते.

जे घेतील त्यांच्यासाठीं एवढें सांगतों कीं, काम झाल्यावर दोन्ही झडपा घट्ट मिटाव्या. वारा तुटला कीं कोळसे विझतात आणि अर्धेअधिक उरतात. पुढच्या खेपेस ते काठीनें हालवून राख खालीं पाडावी व त्यांवरच नवे घालावे.