‘अशी ही बनवाबनवी’तले डायलॉग सगळ्यांना पाठ, पण ते लिहिले कोणी?

‘अशी ही बनवाबनवी’चा एखादा तुकडा गावच्या ग्रुपवर आला नाही, असा आठवडा जात नाही. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन ही नावं लहान पोरंही सांगतात. पण त्यांच्या तोंडची वाक्यं कागदावर उतरवणारे वसंत सबनीस किती जणांना माहीत आहेत?

कोण होते सबनीस?

जन्म १९२३ चा, सोलापूरचा. शाळा पंढरपूरला, पुढचं शिक्षण पुण्यात फर्ग्युसन कॉलेजला. नोकरी राज्य सरकारच्या प्रसिद्धी खात्यात. सरकारी नोकरीत राहून त्यांनी सरकारी कारभाराचीच टर उडवणारं लोकनाट्य लिहिलं, ‘विच्छा माझी पुरी करा’.

‘विच्छा’त असं काय होतं?

कोतवालाची जागा रिकामी होते. हवालदाराला वाटतं, इतकी वर्षं राबलो, आता बढती आपलीच. पण प्रधान आपल्या मेहुण्याला त्या जागेवर बसवतो. मग हवालदार आणि मैनावती मिळून नव्या कोतवालाला असं नादी लावतात की, तो थेट राजाचा पलंग पळवायला निघतो. गोष्ट राजाच्या काळातली, पण वशिलेबाजी आजचीच. त्यामुळे बघणाऱ्याला आपलंच ऑफिस आठवायचं.

बाज तमाशाचा होता: गण, गवळण, बतावणी आणि वग. १९६५ पासून दादा कोंडके यात हवालदार झाले. ताज्या घडामोडींवरचे टोमणे ते प्रयोगात घालायचे. वगाच्या बांधणीत त्याला जागा होती, म्हणून नाटक जुनं झालं नाही. पुढे ते ‘सैंया भये कोतवाल’ या नावानं हिंदीतही गेलं.

सिनेमात कसे आले?

१९७१ ला दादांनी ‘सोंगाड्या’ काढला, त्याचं लेखन सबनीसांचं. तमाशाच्या नादाला लागलेला भोळा नाम्या गावोगावच्या लोकांना आपल्यातलाच वाटला.

मग १९८८ ला ‘बनवाबनवी’. मूळ कल्पना हृषिकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ या १९६६ च्या हिंदी सिनेमाची. सबनीसांनी तिला पक्का मराठी रंग दिला. पुण्यात भाड्याची खोली मिळेना, म्हणून दोघं मित्र साडी नेसतात. एक थाप लपवायला दुसरी, दुसरीसाठी तिसरी, आणि प्रत्येक वेळी अडचण वाढतच जाते. हसू येतं ते त्यामुळं. नुसत्या साडीवर सिनेमा तीन तास चालला नसता.

सबनीस २००२ साली गेले. कलाकाराचा चेहरा तुकड्यात दिसतो, लेखकाचं नाव मात्र सुरुवातीच्या पाट्यांवरच राहतं आणि त्या पाट्या कोणी फॉरवर्ड करत नाही. पुढच्या वेळी सिनेमा लावाल, तेव्हा पाट्या पळवू नका. ‘पटकथा-संवाद’ या शब्दांपुढचं नाव वाचा आणि घरातल्या पोरांनाही सांगा.