पावसाच्या भरवशावरची सुटका

दारिद्र्यातून बाहेर पडण्याच्या धडपडीवरचे चित्रपट जगभर गाजतात, पुरस्कार मिळवतात, आणि त्यांचे कथानक बहुधा ठरलेल्या वळणाने जाते: एक गरीब माणूस, त्याची चिकाटी, अवचित चालून आलेली संधी आणि पालटलेले दिवस. फेब्रुवारी 2009 मध्ये 8 ऑस्कर पटकावणाऱ्या 'स्लमडॉग मिलियनेर'मध्ये मुंबईच्या झोपडपट्टीत वाढलेला जमाल प्रश्नमंजूषेची उत्तरे देत 2 कोटी रुपये जिंकतो. त्याच वर्षी रॉटरडॅमच्या महोत्सवात सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' हा पहिला चित्रपट दाखवला गेला. त्यातल्या विदर्भाच्या किसनापुढे प्रश्न एकच आहे, आणि त्याचे उत्तर त्याला कितीही हुशारी असली तरी देता येण्यासारखे नाही: पाऊस केव्हा येणार? गरिबीवरच्या या दोन चित्रपटांपैकी अमरावती-अकोल्याच्या प्रेक्षकाला दुसरा अधिक खरा वाटतो, आणि तरीही त्याच्याविषयी या प्रेक्षकाची एक तक्रार उरते.

'गाभ्रीचा' ही वऱ्हाडी बोलीतली शिवी आहे. ती चिडून दिली जाते तशी जवळिकीनेही दिली जाते, त्यामुळे ती पावसाला देताना राग आणि आर्जव दोन्ही एकाच शब्दात येतात. चित्रपटाच्या आरंभी शेजारचा शेतकरी आत्महत्या करतो आणि किसनाची बायको अलका धास्तावते. आपलाही नवरा असेच काही करून बसेल या भयाने ती त्याला एकटे सोडत नाही, लहानग्या मुलाला, दिनूला, त्याच्या मागावर धाडते, सासूला लक्ष ठेवायला लावते, चार घास गोडाधोडाचे करून घालते. किसनाच्या मनात तसे काहीच नसते, आणि घरातले सगळे अचानक इतके गोड का वागू लागले हे त्याला उमगत नाही. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांनी हा गैरसमज इतक्या संयमाने उभा केला आहे की प्रेक्षक हसतो आणि पुढच्याच क्षणी आपण कशाला हसलो हे त्याच्या ध्यानात येते. मरणाच्या छायेतला हा विनोद हीच या चित्रपटाची सर्वांत मोठी कमाई म्हणावी लागेल.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकाला या भीतीमागचे शेतीचे गणित माहीत असेलच असे नाही. कोरडवाहू शेती म्हणजे विहीर-कालव्याच्या पाण्याविना निव्वळ पावसावर होणारी शेती, आणि विदर्भातला बहुतांश कापूस असाच पिकतो. 7 जूनच्या सुमारास मृग नक्षत्र लागते. पहिल्या सरी पडल्या की कास्तकार, म्हणजे शेतकरी, सरकी टोबतो. 2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाल्यानंतर घरची सरकी राखून ठेवण्याची रीत मागे पडली आणि 450 ग्रॅमचे पाकीट दरवर्षी कृषी केंद्रातून विकत आणणे आले. आता कल्पना करावी की सरकी जमिनीत पडली, कोंब वर आला आणि पावसाने पंधरा-वीस दिवस दडी मारली. काळ्या जमिनीला भेगा पडतात, कोंब माना टाकतात आणि दुबार पेरणी करावी लागते, म्हणजे तेच बियाणे, तीच मजुरी, तेच बैलभाडे पुन्हा एकदा, आणि तेही खिसा रिकामा असताना. मग गावातल्या खासगी सावकाराकडे जावे लागते, जिथे सवाई आणि दिढी हे शब्द अजून विसरले गेलेले नाहीत. पेरणीला 100 रुपये घेऊन सुगीला 125 फेडायचे ती सवाई, 150 फेडायचे ती दिढी. वर्षाच्या हिशेबाने हा व्याजदर किती होतो ते मांडून पाहण्याची फुरसत पेरणीच्या दिवसांत कुणालाच नसते.

विहीर खोदून हा फेरा चुकवता येईल, असे पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला सहज वाटते. परंतु अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या खोऱ्यात पसरलेला खारपाणपट्टा असा आहे की तिथल्या जमिनीखालचे पाणीच खारट आहे. ते पिकाला दिले तर माती आणखी बिघडते. जमीन काळीभोर, कसदार, आणि पोटात खारे पाणी! अशा ठिकाणी आकाशाकडे पाहणे ही भाबडी सवय ठरत नाही, तो शेतीचा भाग होतो.

अकोल्याचे कवी विठ्ठल वाघ यांनी तिफणीवर, म्हणजे पेरणीच्या तीन फणांच्या अवजारावर, लिहिलेले गीत 'अरे संसार संसार' या चित्रपटातून महाराष्ट्रभर गायले गेले. त्या गीतात पेरणी हा उत्सव आहे. मनवर यांच्या चित्रपटात ती जोखीम आहे, आणि मराठी पडद्यावर वऱ्हाडी मातीने केलेला प्रवास या दोन टोकांवरून मोजता येतो. बोलीचीही तीच गत. एरवी वऱ्हाडी ठसका हशा पिकवायला वापरला जातो, 'गाभ्रीचा पाऊस'मध्ये मात्र तीच बोली काळजीची होते.

सुटकेची दुसरी वाट शाळेतून जाते, आणि वऱ्हाडाला ती नवी नाही. पंजाबराव देशमुख यांनी 1932 साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली ती खेड्यातल्या कास्तकारांच्या मुलांसाठीच, आणि गाडगेबाबा खराटा हातात घेऊन गावोगाव पोरांना शिकवा असे सांगत हिंडले. शिवाजी लोटन पाटील यांच्या 'धग' या चित्रपटात हीच वाट येते: स्मशानातले पिढीजात काम मुलाच्या वाट्याला येऊ नये म्हणून आई झगडते. 60 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत या चित्रपटाला दिग्दर्शनाचा आणि उषा जाधव यांना अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, आणि तो सर्वस्वी योग्य होता. परंतु शिकलेला मुलगा बाहेर पडतो तेव्हा शेत मागे उरतेच, आणि ते कसणाऱ्याचे काय, हा किसनाचा प्रश्न 'धग'च्या कक्षेत येत नाही.

आता तक्रारीविषयी. 'गाभ्रीचा पाऊस'मध्ये कर्ज आहे, टंचाई आहे, पण शिवी बसते ती पावसाला, आणि त्यामुळे कापसाचा भाव थोडासा निसटतो. वऱ्हाडच्या कापसाचा भाव वऱ्हाडात ठरत नाही, याला दीडशे वर्षे उलटून गेली. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने मँचेस्टरच्या गिरण्यांचा पुरवठा तुटला तेव्हा इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि युद्ध संपताच तो कोसळला. 1972 पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. तिच्यात कापूस सरकारनेच हमी भावाने घ्यायचा होता. ही योजना पुढे मोडली आणि कास्तकार पुन्हा व्यापाऱ्याच्या काट्यासमोर उभा राहिला. पाऊस वेळेवर पडला, बोंडे भरली, तरी वेचाईची मजुरी सुटेना अशी वर्षे येतात. त्या वर्षी शिवी कुणाला द्यायची, याचे उत्तर या चित्रपटात शोधूनही सापडत नाही.

शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबाव्यात म्हणून 1 जुलै 2006 रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या 6 जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. 'गाभ्रीचा पाऊस' आला तो त्यानंतरच्या तीन वर्षांत. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला शासनाकडून 1 लाख रुपये मिळतात, त्यांपैकी 30 हजार रोख आणि 70 हजार ठेवीत. मात्र त्यासाठी प्रकरण 'पात्र' ठरावे लागते, म्हणजे शेतजमीन, कर्ज आणि त्या कर्जाचा तगादा हे सारे कागदावर सिद्ध व्हावे लागते. दिढीने घेतलेल्या पैशाला कागदच नसतो. अलका दिनूला बापाच्या मागे धाडते त्या धावपळीत हा हिशेब कुठे उच्चारला जात नाही, पण अकोटच्या किंवा दर्यापूरच्या बाईला तो ऐकू येतो.