तारीख ३१च का?

"मी दहा तारखेला मोजून पैसे दिले. मग कागदावर मी उशिरा कशी?" पापडवाल्या मावशी भर बैठकीत उभ्या राहिल्या आणि आम्हा सगळ्यांच्या माना खाली गेल्या. आमच्या बचत गटात दहा तारखेनंतर हप्ता भरला की दंड असतो. मावशींनी तीन वर्षांत एकदाही तो भरलेला नाही!

झालं होतं असं. सचिवताईंची लेक टॅलीच्या क्लासला जाते. "काकू, गटाचा हिशेब मी कॉम्प्युटरवर करते," म्हणाली. आम्हीही हुरळून गेलो. तिने घरी टॅली फुकट टाकून घेतलं होतं. पण ऑगस्टची १० तारीख घालायला गेली तर ते घेईचना. १, २ आणि ३१, एवढंच चाले. पोरीने आपली युक्ती केली. बचत २ तारखेला, कर्जाचे हप्ते ३१ला. झाल्या ना सगळ्या कर्जदार बायका उशिरा!

मला वाटलं, व्हायरस शिरला. क्लासच्या सरांनी उलगडा केला. टॅलीचा हा फुकट प्रकार शिकणाऱ्यांसाठी असतो, 'एज्युकेशनल मोड'. खाती उघडा, नोंदी करा, ताळेबंद काढा, सगळं येतं. शिकणाऱ्याला तारीख कुठली का असेना! दुकानदाराला मात्र रोजची तारीख लागते, म्हणून त्याला लायसन्स घ्यावंच लागतं. म्हणजे कुंपण मुद्दाम आणि नेमक्या जागी घातलेलं. पडद्यावर तसं लिहिलेलंही असतं. वाचलं नाही ते आम्हीच. झूमची फुकट बैठक ४० मिनिटांत संपते, तेही असंच. पण तिथे काम थांबतं, लगेच कळतं. इथे काम थांबलं नाही, ते चुकीचं झालं, आणि एका सरळ बाईच्या नावाला बट्टा लागला. मला ते जास्त लागलं.

तेव्हा मैत्रिणींनो, गटाचा, मंडळाचा हिशेब कॉम्प्युटरवर नेण्याआधी आपल्या खऱ्या तारखेची एक नोंद घालून बघा. घेतली नाही तर ते सरावापुरतंच ठेवा. लायसन्स परवडत नसेल तर वही आहेच की!

मावशींनी पासबुक आणलं. त्यावर १० ऑगस्टची सही होती. इतिवृत्तात दुरुस्ती लिहून सगळ्यांनी सह्या केल्या. पोरीचे डोळे भरून आले, तेव्हा मावशींनीच तिला जवळ घेतलं. तिचा सराव चालू आहे, वही आम्ही लिहितो. मावशी मात्र अजूनही सहीआधी चष्मा चढवून तारीख वाचतात.