एक गडी कीं सारा संघ?

क्रीडांगणावर जमणाऱ्या प्रेक्षकांचे स्थूलमानानें दोन वर्ग करतां येतात. कांहीं जण संघाचा खेळ पाहावयास येतात. कांहीं केवळ एका आवडत्या गड्याचा. तो खेळावयास उतरला कीं यांचा सामना सुरू होतो आणि तो बाद झाला कीं संपतो. या वृत्तींत स्वाभाविक काय व वावगें काय, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एका व्यक्तीकडे मन ओढलें जाणें हें मनुष्यस्वभावास धरूनच आहे. अकरा जणांचा मेळ ओळखण्यास नजर मुरलेली लागते. एकाचा पराक्रम लहान मुलासही दिसतो. शिवाय क्रिकेटमध्यें धांवांचा हिशेब प्रत्येकाच्या नांवावर निराळा मांडला जातो. शतक फलकावर झळकतें. परंतु सीमेवर धांवत जाऊन अडविलेल्या चेंडूची नोंद कोठेंच होत नाहीं. जें मोजतां येतें तेंच आपण मोठें मानूं लागतों.

सन १९४३ मध्यें मुंबईच्या ब्रेबोर्न मैदानावर पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना झाला. त्या स्पर्धेंतील संघ धर्मवार असत. एका बाजूस हिंदू संघ व दुसऱ्या बाजूस ख्रिस्ती आदिकरून इतर समाजांचा ‘रेस्ट’ संघ होता. सांगलीस जन्मलेले विजय हजारे हे ‘रेस्ट’कडून खेळत होते. दुसऱ्या डावांत संघाच्या ३८७ धांवांपैकीं ३०९ धांवा एकट्या हजारे यांच्या! असा पराक्रम विरळाच. तरीही त्यांचा संघ एक डाव व ६१ धांवांनीं हरला, कारण पहिल्या डावांत सारा संघ १३३ धांवांत गारद झाला होता. दुसरीही एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. याच डावांत विजय व त्यांचे बंधु विवेक यांनीं ३०० धांवांची भागीदारी केली. तींत विवेक यांच्या धांवा अवघ्या २१. हा आंकडा कोणाच्या डोळ्यांत भरणार? पण दुसऱ्या टोकास ते तग धरून राहिले नसते, तर ३०९ चा डोंगर उभा राहता ना.

आतां अलीकडील गोष्ट. नोव्हेंबर २०१३ मध्यें वानखेडे मैदानावर सचिन तेंडुलकर यांचा दोनशेवा व अखेरचा कसोटी सामना वेस्ट इंडीजशीं झाला. भारताचा दुसरा गडी मुरली विजय बाद होतांच प्रेक्षकांनीं जयघोष केला. आपल्याच संघाचा गडी पडल्याचा हा आनंद! कारण एवढेंच कीं, आतां तेंडुलकर येणार होते. त्यांनीं ७४ धांवा केल्या, व चोवीस वर्षें सेवा करणाऱ्या या खेळाडूस लोकांनीं प्रेमानें निरोप दिला, हें योग्यच झालें. परंतु भारतानें तो सामना एक डाव व १२६ धांवांनीं जिंकला तो कोणाच्या बळावर? पुजारा यांनीं ११३ व रोहित शर्मा यांनीं नाबाद १११ धांवा केल्या. प्रज्ञान ओझा यांनीं दोन डावांत मिळून दहा गडी बाद केले व सामन्यांतील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळविला. पुढें ओझा यांस कसोटी सामना खेळावयास मिळालाच नाहीं. म्हणजे त्या मैदानावरून त्या दिवशीं दोघे जण कायमचे परतले; एकाचा निरोप सर्वांनीं पाहिला, दुसऱ्याचा कोणाच्याही ध्यानीं आला नाहीं.

आवडता गडी असूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. त्याच्यामुळेंच पुष्कळांस खेळाची गोडी लागते. तो खेळाच्या मंदिराचा दरवाजा आहे. मात्र दरवाजाशींच थबकून राहणाऱ्यास आंतील वैभव दिसत नाहीं. संत पौलानें ख्रिस्ती मंडळीस शरीराची उपमा दिली, ती संघासही लागू पडते.

आमच्या विद्यार्थिमित्रांस इतकेंच सुचवावेंसें वाटतें कीं, शाळेच्या पुढील सामन्याच्या वेळीं शतकवीरासाठीं टाळ्या वाजवाव्याच. पण उन्हांत दिवसभर सीमेवर उभा राहून चार धांवा वांचविणाऱ्या मुलाचें नांवही घरीं जाण्यापूर्वीं विचारून घ्यावें. त्या नांवाची नोंद वहींत नसते. ती प्रेक्षकांनींच ठेवावयाची असते.