मैल कमी, वय जास्त: जुन्या आरव्हीबद्दलचे गैरसमज

अमेरिकेतल्या जुन्या मोटरहोमच्या जाहिरातींची भाषा ठरलेली असते. २००४ चं मॉडेल, क्लास सी, फक्त ३१,००० मैल, सहा जण झोपतात, सगळं चालू स्थितीत. किंमत नव्या गाडीच्या पाव हिस्साही नाही. न्यू जर्सीतल्या नाहीतर मिशिगनमधल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अशी जाहिरात येऊन पडली की पुढचे दोन दिवस यलोस्टोनचे बेत रंगतात. या उन्हाळ्यात आई-बाबा येणारच आहेत, हॉटेलांचे पैसे वाचतील, घरचं जेवण होईल, हवं तिथे थांबता येईल.

जाहिरातीतलं प्रत्येक विधान खरं असू शकतं. घोळ होतो तो आपण त्यातून काढलेल्या अर्थाचा.

आधी मैलांचं बघू. वीस वर्षांत ३१,००० मैल म्हणजे लॉटरीच लागली, असं मोटारी घेणाऱ्या-विकणाऱ्या माणसाला वाटतं, आणि टोयोटा कॅमरी असती तर कदाचित लागलीही असती. मोटरहोम मात्र चालून जितकी झिजते त्याहून जास्त उभी राहून बिघडते. रबराचे पाइप वाळतात, ब्रेकच्या तेलात बाष्प शिरतं, कॅलिपर अडकून बसतात, घरगुती वापराच्या बॅटऱ्या मरतात आणि उंदीर वायरी कुरतडतात. टायरांची नक्षी नव्यासारखी दिसते आणि आतलं रबर म्हातारं झालेलं असतं. टायरच्या बाजूवर डीओटी अशा अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो. त्यातले शेवटचे चार आकडे आठवडा आणि साल सांगतात. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. हा क्रमांक कधी कधी आतल्या बाजूला असतो. तेव्हा गुडघे टेकून गाडीखाली बघायचं, मालकाच्या स्मरणशक्तीवर विसंबायचं नाही. मिशलिनचा सल्ला असा, की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावेत आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही शाबूत असली तरी बदलावेत. क्लास सी गाडीला, म्हणजे व्हॅनच्या चासीवर घर बांधलेल्या मोटरहोमला, सहा टायर असतात, त्यामुळे पहिला हजार-दीड हजार डॉलरचा खर्च इथेच समोर येतो.

जनरेटरचंही तेच. त्याला चाललेले तास मोजणारं मीटर असतं आणि त्यावरचा छोटा आकडा बघून घेणारा खूश होतो. वीस वर्षांत ९० तास म्हणजे महिन्याला पंचवीस मिनिटंही नाहीत. जनरेटर महिन्यातून एकदा तरी एसीसारखा भार टाकून चालवायचा असतो. नाहीतर उरलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्बुरेटरमध्ये साचतो. म्हणून ३१,००० मैलांच्या गाडीआधी मी ७०,००० मैलांची गाडी बघायला जाईन, अर्थात ती दर उन्हाळ्यात रस्त्यावर असेल आणि दुरुस्तीच्या पावत्यांची जाडजूड फाइल मालकाच्या हातात असेल तर.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. जुनी मोटरहोम घ्यायची की सोडायची, हे बहुतेक वेळा इंजिन ठरवत नाही, पाणी ठरवतं. आणि नेमकी ही तपासणी आपल्याकडून राहून जाते, कारण गाडी बघायला जाताना आपण बरोबर नेतो तो गाड्यांमधलं कळणारा मित्र. तो बॉनेट उघडतो, आवाज ऐकतो, डिपस्टिक पुसतो, मान हलवतो. छतावर कुणी चढत नाही.

या गाड्यांच्या भिंती कशा बांधतात ते कळलं की पाण्याची भीती का बाळगायची तेही कळतं. बाहेरून फायबरग्लासचा पातळ पत्रा, त्याच्या आत चिकटवलेलं पातळ प्लायवूड, मध्ये फोम, आत पुन्हा प्लायवूड आणि वॉलपेपर. सांगाडा कधी लाकडाचा, कधी अ‍ॅल्युमिनियमचा. छतावर बहुधा रबराची चादर. तिला एसी, पंखे, अँटेना आणि संडासाच्या टाकीचा हवेचा पाइप यांच्यासाठी भोकं पाडलेली असतात. प्रत्येक भोकाभोवती आणि प्रत्येक सांध्यावर सीलंट असतं. हे सीलंट वर्षातून दोनदा तरी नीट बघून, भेगा पडल्या असतील तिथे नव्यानं भरायचं असतं. एखाद्या मालकानं चार-पाच वर्षं ते केलं नाही की केसाएवढ्या भेगेतून पाणी आत जातं. पाणी आत गेलं की गोंद सुटतो आणि बाहेरची भिंत पुरीसारखी फुगते. सांगाडा लाकडाचा असेल तर तोही कुजायला लागतो. आतल्या बाजूला पिवळा डाग दिसतो तेव्हा पाणी बहुधा कित्येक महिने आत मुरलेलं असतं. अशी भिंत दुरुस्त करायची म्हणजे ती उघडून पुन्हा बांधायची, आणि स्वस्तातल्या जुन्या गाडीचं हे बिल गाडीच्या किमतीपर्यंत पोहोचू शकतं.

क्लास सी गाडीत ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंगाचा जो पुढे आलेला भाग असतो, तो गळतीसाठी कुप्रसिद्ध आहे. ताशी साठ मैलांच्या वेगात पाऊस समोरून आदळतो आणि रस्त्याच्या धक्क्यांनी तिथले सांधे सतत हलत असतात. म्हणून त्या पलंगाची गादी उचलायची आणि कोपऱ्यांमध्ये अंगठ्यानं दाबून बघायचं. वरच्या कपाटांची दारं उघडून आतले कोपरे टॉर्चनं बघायचे. शॉवरजवळची आणि दारापाशीची जमीन पायानं चाचपायची. बाहेर येऊन गाडीच्या एका टोकाला उभं राहायचं आणि भिंतीवरून तिरकी नजर टाकायची, म्हणजे फुगवटे उन्हात उठून दिसतात. ओलावा मोजणारं छोटं यंत्र हार्डवेअरच्या दुकानात थोडक्यात मिळतं, ते खिशात असू द्या. एकाच भिंतीचा वॉलपेपर नवाकोरा असेल, किंवा आत पाऊल टाकताच सुगंधी फवाऱ्याचा वास भपकन अंगावर आला, तर तो झाकतोय काय हे विचारायला लाजू नका.

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं: गाडी एरिझोनाची आहे, तिकडे पाऊसच नाही. अर्धं खरं आहे. कोरड्या हवेत कूज कमी, पण तिथलं ऊन सीलंट तडकवतं, टायर वाळवतं आणि छतावरचे प्लास्टिकचे भाग इतके ठिसूळ करतं की हात लावताच तुकडा पडतो. अशी गाडी न्यू जर्सीत आणली की पहिल्याच पावसात परीक्षा होते. मिशिगन-ओहायोकडच्या गाड्यांचा प्रश्न वेगळा. तिथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि गाडीखालचा सांगाडा गंजतो. फ्लोरिडाची असेल तर टायटलचा इतिहास आधी काढायचा, कारण पुरात बुडालेल्या गाड्या राज्य बदलून विकायला येतात.

इंजिनाला मी कमी लेखत नाही. मागच्या वीस-पंचवीस वर्षांतल्या बऱ्याच क्लास सी गाड्या फोर्डच्या ई-३५० किंवा ई-४५० चासीवर बांधलेल्या आहेत आणि त्यांतलं ६.८ लिटरचं व्ही-१० इंजिन दणकट म्हणून नावाजलेलं आहे. सुरुवातीच्या काही वर्षांच्या इंजिनांमध्ये स्पार्क प्लग आटे सोडून उडण्याची तक्रार होती, तेवढं विचारून घ्यावं. सुटे भाग कुठेही मिळतात, आणि ज्या गॅरेजमध्ये अवजड व्हॅन आत घेण्याएवढी जागा आहे तिथे काम होतं. अडचण मागच्या घराची. तिथला फ्रिज, हीटर, गीझर, पाण्याचा पंप, सरकून बाहेर येणारी खोली हे सगळं वेगवेगळ्या कंपन्यांचं असतं. ते दुरुस्त करणारे तंत्रज्ञ कमी, आणि उन्हाळ्यात त्यांच्याकडे रांग लागलेली.

त्यामुळे ‘सगळं चालू आहे’ हे ऐकायचं नाही, बघायचं. गॅसवर चालणारा फ्रिज थंड व्हायला बराच वेळ घेतो. आपण जायच्या आदल्या रात्रीच तो सुरू करायला सांगावं, आणि विजेवर व गॅसवर असा दोन्ही प्रकारे चालवून दाखवायला सांगावं. त्याच्या मागची जाळी बाहेरून उघडते. आत पिवळी भुकटी दिसली किंवा अमोनियाचा वास आला तर फ्रिज गेला असं समजा. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडची गळती ओळखणाऱ्या अलार्मचं आयुष्य पाच ते सात वर्षांचं असतं आणि त्यांच्यावर तारीख छापलेली असते. वीस वर्षांच्या गाडीत मूळचाच अलार्म लटकत असेल तर बाकी देखभालीचा अंदाज तिथेच येतो. डोमेटिक आणि नॉरकोल्ड या दोन्ही कंपन्यांनी आगीच्या धोक्यामुळे फ्रिज परत मागवले होते, आणि अशी रिकॉल झालेली पण दुरुस्त न केलेली उपकरणं जुन्या गाड्यांमध्ये असू शकतात. तेव्हा चासीचा क्रमांक, घर बांधणाऱ्या कंपनीचं नाव आणि उपकरणांचे सिरियल नंबर, तिन्ही तपासा. चासीचं आणि घराचं मॉडेल वर्षही वेगळं असू शकतं, त्यात फसवणूक नाही. चासी आधी बनते आणि घर नंतर चढतं.

आता ‘सहा जण झोपतात’. आपल्या कुटुंबांसाठी माझ्या मते हा सगळ्यात धोकादायक गैरसमज आहे. झोपायच्या जागा सहा म्हणजे बेल्ट लावून बसायच्या जागा सहा, असं नसतं. आई-बाबा मागच्या सोफ्यावर आडवे झालेत, मुलं टेबलाभोवती पत्ते खेळतायत आणि गाडी आय-८० वरून चाललीय, हे चित्र जाहिरातीत छान दिसतं. जुन्या गाड्यांमध्ये त्या सोफ्याचे बेल्ट कधी कधी प्लायवूडला स्क्रूनं बसवलेले असतात. टेबलाजवळच्या ज्या बाकाचं तोंड मागे असतं किंवा जो सोफा आडवा असतो, त्यावर मुलांची कार सीट बसवायची नाही, असं एनएचटीएसए हे केंद्रीय रस्ता-सुरक्षा खातं सांगतं. म्हणजे सहा वर्षांच्या आतली दोन मुलं असतील तर समोर तोंड असलेल्या आणि नीट बेल्ट असलेल्या जागा आधी मोजायच्या, आणि त्या कुठे बोल्टनं जखडल्यात ते गादी उचलून बघायचं. बऱ्याच जुन्या गाड्या या एका कसोटीवरच बाद होतात. चालत्या गाडीत स्वयंपाकाचा विषय तर काढूच नये. गाडी थांबवून फोडणी केली तरी धुराचा अलार्म बोंबलतोच.

काही गैरसमज थोडक्यात आटोपतात. दहा वर्षांपेक्षा जुन्या गाडीला कॅम्पग्राउंडमध्ये घेत नाहीत, असं ऐकायला मिळतं. काही खासगी रिसॉर्टचा तसा नियम आहे, आणि तिथेही अनेकदा फोटो पाठवला तर परवानगी मिळते. नॅशनल पार्कमध्ये गाडीचं वय कुणी विचारत नाही. तिथे लांबी विचारतात. ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या गोइंग-टू-द-सन रोडच्या डोंगरी टप्प्यावर २१ फुटांपेक्षा लांब गाडी जाऊच शकत नाही, आणि क्लास सी गाड्या बहुतेक त्याहून लांब असतात. लायसन्सची भीतीही अनाठायी. बहुतेक राज्यांत २६,००० पौंडांपर्यंत साधं लायसन्स चालतं आणि क्लास सी त्यापेक्षा बरीच हलकी असते. ‘वापरून झाली की भारतात नेऊ’ हे मात्र विसरा. भारताच्या आयात नियमांत वापरलेलं वाहन तीन वर्षांपेक्षा जुनं चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे लागतं.

पैशांचा हिशेब मात्र शांतपणे करावा. स्वस्तात मिळालेली गाडी स्वस्तात पडते असं नाही. ही गाडी गॅलनला आठ-दहा मैल देते. दोन हजार मैलांच्या सहलीला नऊच्या हिशेबानं २२२ गॅलन, साडेतीन डॉलर दरानं पावणेआठशे डॉलर नुसतं पेट्रोल. अनेक वसाहतींच्या नियमांत ड्राइव्हवेवर आरव्ही उभी करायला बंदी असते, म्हणजे महिन्याचं पार्किंगचं भाडं आलं. दहा-पंधरा वर्षांपुढच्या गाडीला कर्ज द्यायला बऱ्याच बँका नाखूश असतात, त्यामुळे रोख रक्कम लागते. शिवाय माझ्या मते किमतीच्या निदान पाव हिस्सा एवढी रक्कम पहिल्या वर्षासाठी वेगळी ठेवायलाच हवी. वर्षाला आठ-दहा रात्रीच वापरणार असाल तर भाड्यानं घेणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं. चाळीस रात्रींच्या पुढे जाणार असाल, आई-बाबा सहा महिने राहणार असतील आणि शनिवारी छतावर चढून सीलंट भरायचा कंटाळा नसेल, तर जुनी गाडी खरंच फायद्याची. गाडी मनात भरली की एनआरव्हीआयए या संघटनेच्या प्रमाणित तपासनिसाला बोलवायचं. तपासनीस विक्रेत्यानं सुचवलेला नसावा. तो घराचा भाग बघेल, इंजिन आणि ब्रेक स्वतंत्र मेकॅनिकला दाखवायचे.

राहिला हंगामाचा प्रश्न. थंडीत भाव उतरतात, त्यामुळे हिवाळ्यात खरेदी करावी, असं सगळे सांगतात आणि त्यात तथ्य आहे. पण उत्तरेकडे पाइप गोठून फुटू नयेत म्हणून मालक पाणी काढून टाकून गुलाबी अँटीफ्रीझ भरून ठेवतात. मग नळ उघडून बघता येत नाही, गीझर तापवता येत नाही, आणि पाइप मागच्या हिवाळ्यातच फुटलेला असला तरी तो तुम्हाला कळणार नाही. एरवी ही तपासणी सोपी असते. टाकी भरायची, पंप सुरू करायचा, सगळे नळ बंद करायचे आणि दहा मिनिटं गप्प बसायचं. नळ बंद असताना पंप मधूनच आपोआप सुरू झाला, तर पाणी कुठेतरी बाहेर जातंय. जानेवारीत गाडी घ्यायचीच असेल तर पाण्याची तपासणी वसंतात होईपर्यंत काही रक्कम रोखून ठेवण्याची अट लेखी घालावी. मालक नाही म्हणाला तर एप्रिलपर्यंत थांबावं. तोवर दुसऱ्या कुणी नेली तर नेली.