संमतीचा पुरावा कोणी द्यायचा?

न्यायालयाचे निकाल वाचायची मला जुनी सवय आहे. कायद्याच्या कलमांपेक्षा त्यांतले तारीख-वेळेचे तपशील मला जास्त धरून ठेवतात. दिल्ली उच्च न्यायालयाचा अवनीश बजाज प्रकरणातला २००८चा निकाल मी असाच कितीदा तरी वाचला आहे. बाझी डॉट कॉम ही मुंबईची लिलावाची साइट. २७ नोव्हेंबर २००४ला, शनिवारी रात्री, मोबाइलवर घेतलेली एका शाळकरी मुलीची अश्लील चित्रफीत तिथे १२५ रुपयांना विक्रीला आली. आक्षेपार्ह मजकूर अडवणारी चाळणी साइटकडे होती. विक्रेत्याने माल ‘ई-बुक्स’च्या सदरात टाकला आणि तो चाळणीतून सुटला. त्याच रात्री कोणीतरी साइटला कळवलं. माल उतरला सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास. तोवर आठ जणांनी ती चित्रफीत विकत घेतली होती.

पुढचं सगळं, म्हणजे साइटचे प्रमुख बजाज यांची अटक, मध्यस्थ साइट्सची जबाबदारी ठरवणाऱ्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९व्या कलमातली दुरुस्ती, वाचकांच्या परिचयाचं आहे. माझं मन अडकलं ते मधल्या दीड दिवसात. तक्रार पोचली होती, तरी रविवारभर चित्रफीत विक्रीलाच होती. त्या मुलीला तर कोणी विचारलंही नव्हतं.

तक्रार आणि कारवाई यांच्यातल्या त्या दीड दिवसाचं पुढे काय झालं हे पाहायचं तर कॅनडात, मॉन्ट्रियलला जावं लागतं. पॉर्नहब आणि तिच्या भावंड-साइट्स चालवणारी माइंडगीक ही कंपनी तिथली. २०२३पासून तिचं नाव आयलो. २०१९ या एका वर्षात पॉर्नहबवर ६८ लाखांहून अधिक व्हिडिओ चढले, एकूण १३ लाख ६० हजार तास. आकडे साइटनेच अभिमानाने छापले होते. भागाकार करून पाहा: दिवसाला सुमारे ३,७०० तास. रोज आठ तास, एकही सुट्टी न घेता नुसतं बघत बसायचं म्हटलं तरी साडेचारशेहून जास्त माणसं लागतील. न्यूयॉर्क टाइम्सच्या निकोलस क्रिस्टॉफ यांना डिसेंबर २०२०मध्ये मिळालेली माहिती अशी, की कंपनीच्या सगळ्या साइट्स मिळून जगभरात तपासनीस असतील ८०च्या आसपास. मग कळवलेल्या तक्रारींचं काय होत होतं? अमेरिकेतल्या एका खटल्यात उघड झालेल्या अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे क्रिस्टॉफ यांनीच २०२५मध्ये लिहिलं, की एखाद्या व्हिडिओवर सोळा वेळा तक्रार येईपर्यंत तो तपासला जाईलच असं नव्हतं. पंधरा बायकांनी किंवा पंधरा अनोळखी माणसांनी ओरडून सांगितलं तरी पुरेसं नाही. याला मी मनुष्यबळाची टंचाई म्हणणार नाही. कोणीतरी विचार करून ठरवलेला तो आकडा होता.

समजा, साडेचारशे माणसं बसवली. तरी त्यांना काय दिसलं असतं? राजीखुशीने केलेलं आणि राजीखुशीने प्रसिद्ध केलेलं चित्रण, आणि राजीखुशीने केलेलं पण प्रियकराने सूड म्हणून चढवलेलं चित्रण, ही दोन्ही पडद्यावर तंतोतंत सारखी दिसतात.

बरं, संमतीचे कागद मागितले तर? त्याचं उत्तर सॅन दिएगोच्या ‘गर्ल्स डू पॉर्न’ या साइटच्या प्रकरणात आहे. मॉडेलिंगच्या जाहिराती पाहून आलेल्या तरुणींना सांगितलं जायचं, की चित्रीकरण फक्त परदेशात डीव्हीडीवर विकलं जाईल, इंटरनेटवर येणार नाही. त्यांच्याकडून करारावर सह्या घेतल्या जायच्या. कागद चोख होते, संमती मात्र खोटं बोलून मिळवलेली होती. २२ जणींनी दावा लावला आणि जानेवारी २०२०मध्ये न्यायाधीश केविन एनराइट यांनी त्यांना सव्वा कोटी डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली. या टोळीची पॉर्नहबवर अधिकृत वाहिनी होती. तिच्यातून मिळवलेल्या पैशांवरून डिसेंबर २०२३मध्ये आयलोने अमेरिकी सरकारला १८ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं.

या साऱ्या वाचनात माझ्या मनात घर करून राहिला तो कॅनडाच्या गोपनीयता आयुक्तांचा, फिलिप दुफ्रेन यांचा आयलोबद्दलचा अहवाल. तो बाहेर यायला २९ फेब्रुवारी २०२४ उजाडला, कारण त्याआधी प्रसिद्धी रोखायला कंपनी न्यायालयात गेली होती. तक्रारदार बाई निनावी आहे. २०१५मध्ये तिला कळलं, की पूर्वीच्या प्रियकराने तिचा खासगी व्हिडिओ तिच्या नावासह या साइट्सवर टाकला आहे. तिची संमती आहे की नाही, हे कंपनीने विचारलं ते फक्त टाकणाऱ्याला. त्याने ‘आहे’ म्हटलं, आणि ते पुरलं. काढून टाकण्याची प्रक्रिया इतकी जिकिरीची, की शेवटी तिने पैसे मोजून एक व्यावसायिक सेवा नेमली. तोवर चित्रं ऐंशीहून अधिक साइट्सवर सातशेहून जास्त वेळा पसरली होती. तिची नोकरीची एक संधी गेली, माणसांत मिसळणं सुटलं. पॉर्नहबवरचा व्हिडिओ त्या काळी कोणालाही उतरवून घेता येत होता. मूळ काढला तरी प्रती मोकळ्याच. संमतीची खातरजमा प्रत्येक व्यक्तीकडून थेट करा, असं आयुक्तांनी सुचवलं. सक्ती करण्याचा अधिकार मात्र त्यांना कायद्यानेच दिलेला नाही.

कंपनी हलली ती पैशाच्या धक्क्याने. क्रिस्टॉफ यांचा लेख ४ डिसेंबर २०२०चा. १० तारखेला व्हिसा आणि मास्टरकार्डने पॉर्नहबवरचे व्यवहार थांबवले. १४ला साइटने ओळख न पटलेल्या खात्यांचे सगळे व्हिडिओ, एक कोटीहून जास्त, एका झटक्यात हटवले. वर्षानुवर्षं न झालेलं काम दहा दिवसांत झालं.

तंत्रज्ञानही आडवं येत नाही. चित्राचा हॅश, म्हणजे त्याचा अंकांतला ठसा काढून जुळवायची पद्धत हॅनी फरीद आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २००९मध्येच ‘फोटोडीएनए’त उतरवली होती. डिसेंबर २०२१पासून, संमतीविना पसरवलेली खासगी चित्रं रोखणाऱ्या ‘स्टॉप एनसीआयआय’ या सेवेत बाईच्या स्वतःच्या फोनवरच ठसा निघतो, चित्र कुठेही पाठवावं लागत नाही. अडचण इतकीच, की तो ठसा जुळवून पाहतात ते सामील झालेल्या साइट्स. बाकीच्यांना तो बघण्याचं बंधन नाही.

आपल्याकडे २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी अशी चित्रं तक्रारीनंतर २४ तासांत काढायला सांगितली. पण तक्रारीत प्रत्येक पानाचा पत्ता मागितला जायचा, आणि तो शोधायला पीडित बाईनेच ती पानं एकेक करून उघडायची. २६ एप्रिल २०२३ला दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सुब्रमोणियम प्रसाद यांनी नेमकं यावर बोट ठेवलं: एकदा काढलेलं चित्र पुन्हा वर आलं तर त्या बाईला पुन्हा न्यायालयाच्या दारात यावं लागू नये, सर्च इंजिनांनी हॅश वापरून ते स्वतः अडवावं. या निकालाविरुद्ध गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांनी अपील केलं. त्यांतली दुसरी कंपनी ‘फोटोडीएनए’ची जनक आहे.